एकवीस डिसेंबरचं पत्र: नौदलातल्या मित्रानं अमळनेरला काय कळवलं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे वेगळी असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. अमळनेरच्या जुन्या घरात वडिलांच्या पेटीत तुम्हाला एक लिफाफा सापडला. आत चार पानांचं पत्र. लिहिणारे वडिलांचे शाळेपासूनचे मित्र, १९७१ मध्ये नौदलात अधिकारी. तारीख २१ डिसेंबर १९७१. मायना 'प्रिय मंडळी', म्हणजे पत्र एकट्या वडिलांना नाही, चौघा मित्रांना मिळून आहे. जहाजाचं नाव नाही, ठिकाण नाही, लढाईचं वर्णन जवळजवळ नाही. झोप, पाणी, वांग्याचं भरीत आणि 'संपलं असं म्हणतात' हे एक वाक्य. ते वाचून घरातल्या काहींना वाटलं की हे गृहस्थ प्रत्यक्ष युद्धात नसावेत. उलट गावातल्या मंडळींनी येत्या विजय दिवसाला शाळेत हे पत्र वाचायचं ठरवलंय आणि मथळाही सुचवलाय, 'कराची पेटवणाऱ्या वीराचं पत्र'. यातलं खरं काय आणि वाचावं की नाही, असं तुम्ही विचारताय.

मी नौदलात सिग्नल शाखेत होतो, १९७१ नंतरच्या काळात. निवृत्तीनंतर धुळ्याला राहतो आणि खानदेशातल्या घराघरांतून निघणारी फौजी माणसांची पत्रं लावून द्यायचं काम करतो. तुम्ही उतरवून पाठवलेल्या ओळी आणि लिफाफ्याचे दोन फोटो एवढ्यावरून हे उत्तर लिहितोय. पूर्ण पत्र हातात आलं तर यातलं काही बदलू शकतं. विशेषतः लिफाफ्यावरचा पोस्टाचा शिक्का फोटोत पुसट आहे. तो भिंगाखाली वाचता आला तर बराच उलगडा होईल.

सगळ्यात आधी तारखेबद्दल, कारण माझ्या मते तुमच्या घरातल्या वादाचं मूळ तिथेच आहे. आपण आज हे पत्र वाचतो तेव्हा १९७१ चं युद्ध म्हणजे ३ डिसेंबरला सुरू झालेलं आणि १६ डिसेंबरला ढाक्यात संपलेलं असं आपल्या डोक्यात पक्कं असतं. पाकिस्तानच्या जनरल नियाझींची शरणागती, आपले जनरल अरोरा, समोर कागद, सुमारे ९३ हजार युद्धकैदी. त्यामुळे २१ तारखेचं पत्र म्हणजे विजयानंतरचं पत्र, आणि त्यात आनंद दिसायला हवा, असं आपण धरून चालतो. पण तुमच्या वडिलांचे मित्र २१ तारखेच्या आत उभे आहेत. त्या दिवशी एका जहाजावरच्या अधिकाऱ्याला काय माहीत होतं, ते पाहा. ढाका पडलं, हे माहीत. पश्चिमेकडे १७ तारखेला रात्री ८ वाजता युद्धबंदी झाली, हेही माहीत. आदल्याच दिवशी, २० डिसेंबरला, पाकिस्तानचे अध्यक्ष याह्याखान पायउतार झाले आणि भुत्तो आले, ही बातमी रेडिओवर आली असणार. भुत्तो युद्धबंदी पाळतील की पुन्हा काही करतील, हे कोणालाच माहीत नव्हतं. बांगलादेशचे नेते शेख मुजीब पाकिस्तानच्या कैदेत होते. ते सुटले ८ जानेवारीला आणि ढाक्याला पोचले १० जानेवारी १९७२ ला. अमेरिकेच्या सातव्या आरमारातलं विमानवाहू जहाज 'एंटरप्राइज' आणि सोबतची जहाजं ढाका पडायच्या वेळी बंगालच्या उपसागरात शिरलेली होती आणि ती पुढे काय करणार हे उघड झालेलं नव्हतं. सिमला करार व्हायला २ जुलै १९७२ उजाडावा लागला.

हे सगळं लक्षात घेऊन आता ते वाक्य पुन्हा वाचा. 'संपलं असं म्हणतात.' तुमच्या चुलत भावाला त्यात निराशा दिसली, कोणाला कडवटपणा दिसला. मला तिथे एक शिकलेला, सावध अधिकारी दिसतो. जे त्याला ठाऊक आहे तेवढंच तो मित्रांना कळवतोय. युद्ध संपलं असं रेडिओ म्हणतोय, वरिष्ठ म्हणताहेत. त्याच्या जहाजावर मात्र पहारे अजून सुटलेले नाहीत. 'म्हणतात' हा शब्द त्याने मोजून लिहिलाय.

जुनं पत्र लावताना मी पहिलं काम हेच करतो. पत्राची तारीख घ्यायची आणि त्या तारखेनंतर घडलेलं सगळं बाजूला ठेवायचं. लिहिणाऱ्याला जे माहीत नव्हतं ते त्याच्या तोंडी घालायचं नाही, आणि जे त्याला लिहायची मुभा नव्हती ते त्याने लिहिलं नाही म्हणून त्याला दोष द्यायचा नाही. या दोन गोष्टी सांभाळल्या की निम्मे गैरसमज आपोआप दूर होतात.

मुभेबद्दल थोडं सविस्तर सांगतो. युद्धकाळात जहाजावरून पत्र पाठवताना जहाजाचं नाव, ते कुठे आहे, कुठे निघालंय, सोबत कोणती जहाजं आहेत, किती नुकसान झालं, यातलं काहीही लिहायचं नसतं. पत्र बंदरावर उतरून चार हातांतून जातं. एका ओळीवरून शत्रूला जहाजाचा माग लागू शकतो. हे बंधन अधिकाऱ्यावर जास्त असतं, कारण हाताखालच्या माणसांना तेच शिकवायची जबाबदारी त्याच्यावर असते. म्हणून जहाजाचं नाव नाही, यावरून ते युद्धात नव्हते असं अजिबात ठरत नाही. उलट पत्र इतकं काटेकोर आहे, यावरून लिहिणारा नियम पाळण्याच्या जागी बसलेला होता असंच मला वाटतं.

पत्ता 'द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई' असा आहे म्हणून ते मुंबईला होते, असंही धरू नका. नौदलाच्या टपालाची रीत अशी की बाहेरच्या माणसाने जहाजाचं नाव आणि फ्लीट मेल ऑफिस एवढंच लिहायचं. जहाज कुठे आहे ते त्या ऑफिसला माहीत असतं, पत्र लिहिणाऱ्याला नसतं. पत्राच्या थैल्या जहाज बंदराला लागेपर्यंत थांबतात. 'तुमचं मागच्या महिन्यातलं पत्र परवा मिळालं' असं जे त्यांनी लिहिलंय ते त्यामुळेच. म्हणजे तुमच्या वडिलांनी आणि मित्रांनी जे लिहिलं होतं ते युद्धाच्या आधीचं होतं आणि हे उत्तर युद्धाच्या नंतरचं. दोन्हींच्या मधे अख्खं युद्ध येऊन गेलं. भरिताचा विषय मित्रांच्या पत्रातून आला असणार, असं मला वाटतं. भरिताची वांगी शेतात यायला लागली आहेत, तू कधी येतोस, असं त्यांनी विचारलं असेल. त्याचं उत्तर युद्ध होऊन गेल्यावर पोचतंय.

लिफाफ्यावर ५ पैशांचं, निर्वासितांचं चित्र असलेलं वेगळं तिकीट का, असं तुम्ही विचारलंय. ते 'रिफ्यूजी रिलीफ'चं तिकीट. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत पत्रांवर हा जादा आकार होता. सुरुवातीला नेहमीच्याच ५ पैशांच्या तिकिटावर शिक्का मारून भागवलं गेलं. चित्राचं खास तिकीट १ डिसेंबर १९७१ ला निघालं. तुमच्या लिफाफ्यावर ते आहे आणि पत्त्यात पिनकोड नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. या दोन्ही गोष्टी पत्रावरच्या तारखेशी जुळतात. पत्र नंतर कोणी आठवणीतून लिहून काढलं असेल, ही जी शंका तुमच्या घरात कोणी तरी काढली, ती यावरून बरीचशी मिटते. दुसऱ्या कोणाकडे असं पत्र असेल आणि त्यावर हे तिकीट नसेल, तर मात्र तेवढ्यावरून काही ठरवू नये. फौजी टपालाच्या वाटा वेगळ्या असतात.

आता कराची. मथळा सुचवणाऱ्यांच्या मनात काय आहे ते मला समजतं. आपल्याकडे १९७१ च्या नौदलाची म्हणून जी गोष्ट माहीत आहे ती तीच. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र बोटी किल्टन आणि कच्छलच्या सोबतीने कराचीवर गेल्या, पाकिस्तानची खैबर ही विनाशिका बुडवली. पुढे ८ डिसेंबरच्या रात्री विनाश या क्षेपणास्त्र बोटीने कराची बंदरातल्या केमारीच्या तेलटाक्या पेटवल्या. ४ डिसेंबर नौदल दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. पण नौदल तेव्हा दोन समुद्रांत लढत होतं, आणि तुमच्या पत्रातल्या ओळी मला दुसऱ्या समुद्राकडे नेतात.

तुम्ही उतरवलेली ही ओळ पाहा. 'इकडे पाचला दिवेलागण होते, पण दिवे लावायचे नसतात.' दिवे लावायचे नसतात हे कळायला सोपं आहे. युद्धात रात्री जहाजाबाहेर उजेडाचा कण जाऊ देत नाहीत, काडीसुद्धा ओढत नाहीत. पण माझं लक्ष 'पाचला' वर गेलं. डिसेंबरच्या मध्याला अमळनेरला सूर्य मावळतो पावणेसहाच्या आसपास. कराचीसमोर समुद्रात असाल तर आपल्या घड्याळाप्रमाणे सहा वाजून गेल्यावर. मुंबईलाही सहाच्या सुमारास. पश्चिमेकडच्या समुद्रातला कोणीही माणूस पाचला दिवेलागण झाली असं लिहिणार नाही. पण चितगावच्या किनाऱ्यासमोर आपल्या घड्याळाने पावणेपाचलाच सूर्य जातो. जहाजाचं घड्याळ तिथल्या वेळेप्रमाणे अर्धा तास पुढे केलं असेल तर सव्वापाच. अंदमानातही पाचच्या सुमारास. म्हणजे ठिकाण न सांगता त्यांनी दिशा सांगून ठेवलीय. मुद्दाम की सहज, ते कसं कळणार? मित्रांपैकी एखादा भूगोलाचा पक्का असेल तर त्याला कळावं, असंही मनात असेल.

दुसरी ओळ, 'पाणी आपल्या तापीच्या पुरासारखं गढूळ, मैलोगणती.' गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना जिथे समुद्राला मिळतात तिथलं पाणी असंच असतं. पण एकट्या या ओळीवर मी भरवसा ठेवला नसता. आपली तापी सुरतेपाशी ज्या खंभातच्या आखातात जाते तिथलं पाणीही गढूळच आहे, कच्छकडचंही. पहिल्या ओळीच्या जोडीला ती आली म्हणून तिला वजन येतं.

तिसरी, 'पाण्यावरून आपली विमानं उठताना-बसताना बघितली, ते कधी विसरणार नाही.' समुद्रावर विमानं उठणार आणि बसणार ती विमानवाहू जहाजावर. तेव्हा आपल्याकडे असं जहाज एकच होतं, विक्रांत, आणि युद्धात ते पूर्वेकडे होतं. त्याच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता, त्यामुळे वेग कमी ठेवावा लागत होता, तरी त्यावरून सी हॉक आणि अलिझे विमानं कॉक्स बाजार, चितगाव या बंदरांवर जात राहिली. ब्रह्मपुत्र, बियास अशी जहाजं त्याच्या राखणीला होती. तुमच्या वडिलांचे मित्र त्यातल्याच एखाद्या जहाजावर असावेत, असा माझा अंदाज आहे. विक्रांतवरच असतील तर वाक्य थोडं वेगळं आलं असतं, कारण स्वतःच्या जहाजावरून उठणाऱ्या विमानांना 'पाण्यावरून' कोणी म्हणत नाही. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

पुरावा हवा असेल तर त्यांच्या घरच्यांना पदकं बघायला सांगा. या युद्धासाठी पूर्वेकडच्या कारवाईत असलेल्यांना पूर्वी स्टार आणि पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार दिला गेला. संग्राम पदक वेगळं. पदकाच्या कडेवर बहुधा क्रमांक आणि नाव कोरलेलं असतं, त्यामुळे पदक कोणाचं यावर वाद राहत नाही. पदकं सापडली नाहीत तर नोकरीची कागदपत्रं, पेन्शनची फाईल. ही काढायला जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कोणाकडे अर्ज करायचा ते सांगतात. पण अर्ज त्यांच्या जवळच्या नातेवाइकांनी करावा, तुम्ही नाही. हे होईपर्यंत कराचीचा मथळा नको, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या माणसाला मोठं करायच्या भरात त्याने जे केलं ते पुसून दुसऱ्याने केलेलं त्याच्या नावावर लागतं. त्यात दोघांवरही अन्याय होतो.

आता 'लढाईचं काहीच नाही' या तक्रारीकडे येतो, आणि इथे मला थोडं जास्त लिहायचंय. समुद्रावरची लढाई बाहेरून जशी दिसते तशी आतून दिसत नाही. जहाजावरच्या बहुतेक माणसांना शत्रू कधीच दिसत नाही. इंजिनखोलीत माणूस पाण्याच्या पातळीखाली असतो, त्याच्यासमोर फक्त दाबाचे काटे आणि उष्णता. सिग्नलच्या माणसाच्या कानाला यंत्र आणि समोर कागद. ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, उभा असलेला अधिकारी रात्रभर काळोखाकडे बघत असतो, पाणबुडीची चाहूल शोधत. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास विशाखापट्टणमसमोर पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी बुडाली खरी, पण समुद्रावरच्या माणसाला हे कळायला वेळ लागला, आणि आणखी पाणबुडी नाही याची खात्री त्याला कोण देणार? म्हणून पहारा, पुन्हा पहारा. त्यांनी जे लिहिलंय, 'बूट घालूनच पडायचं, चार तास सलग झोप मिळाली की दिवाळी', हेच त्यांच्या युद्धाचं वर्णन आहे. लढाईचं म्हणून लिहायला त्यांच्याजवळ हेच होतं आणि तेवढंच लिहायची परवानगी होती.

पाण्याची ओळही तशीच. 'चोहीकडे पाणी आणि आंघोळीला मोजून मग्गा. तुम्हा लोकांना हे सांगायला नको.' तुम्हाला ती सहज केलेली थट्टा वाटली. वाफेवर चालणाऱ्या जहाजात समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी तयार करावं लागतं आणि त्यावर पहिला हक्क बॉयलरचा असतो. बॉयलरला स्वच्छ पाणी मिळालं नाही तर जहाज थांबेल. माणसांच्या वाट्याला उरेल ते. जास्त दिवस वेगात समुद्रावर राहिलं की पाणी मोजूनच मिळतं. म्हणजे या ओळीत जहाज किती ताणलं गेलं होतं ते आलंय. 'तुम्हा लोकांना सांगायला नको' हे कशाबद्दल, ते खानदेशातल्या माणसाला कळतंच. १९७० ते ७३ हा काळ महाराष्ट्रात अवर्षणाचा होता. मित्रांच्या पत्रात विहिरींचं रडगाणं आलेलं असणार. तो समुद्रावरून त्यांच्या विहिरीला उत्तर देतोय.

याच कारणासाठी भरिताचा परिच्छेद गाळू नका. शाळेत वाचताना तो 'विषयाला सोडून' वाटेल म्हणून वगळायचा, असं ठरतंय असं तुम्ही लिहिलंय. डिसेंबर हा आपल्याकडे भरिताचा हंगाम. शेतात काड्यांवर वांगी भाजायची, हिरवी मिरची, शेंगदाणे, कळण्याची भाकरी, आणि सगळे मित्र एकत्र. तो लिहितो की तुम्ही बसाल तेव्हा माझी जागा ठेवा, आणि मग एका ओळीत अहिराणी येते, 'बठ्ठं बेस शे', म्हणजे सगळं छान आहे. मित्रांना हवी असलेली बातमी ही एवढीच होती. तो जिवंत आहे, धड आहे, आणि त्याला इथली आठवण आहे. बाकीचं चौघे वर्तमानपत्रात वाचत होतेच. हा परिच्छेद काढला तर पत्र कुणाचंही होईल.

आता त्या अवघड ओळीबद्दल. 'आमच्यातले बरेच गेले. नावं लिहीत नाही.' तुम्ही विचारलंय की त्यांच्या जहाजावर माणसं गेली का. माझा अंदाज वर लिहिल्याप्रमाणे बरोबर असेल तर, पूर्वेकडच्या ताफ्यातलं आपलं मोठं जहाज बुडालेलं नाही. बुडालं ते खुकरी, ९ डिसेंबरला रात्री, दीवजवळ, पश्चिमेकडे. पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने बुडवलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. नौदल लहान असतं. अधिकारी एकत्र शिकतात, दर दोनेक वर्षांनी जहाज बदलतं, आज इथे असलेला उद्या तिथे. त्यामुळे बंगालच्या उपसागरातल्या अधिकाऱ्याचेही खुकरीवर सोबती, जुने वरिष्ठ, कधी काळी हाताखाली असलेली पोरं असणारच. 'आमच्यातले' म्हणजे नौदलातले, असं मी वाचतो. आणि नावं लिहीत नाही, यामागे फक्त गुप्तता नाही. माणूस गेल्याची बातमी आधी त्याच्या घरी रीतसर पोचली पाहिजे, ती एखाद्या मित्राच्या पत्रातून फिरत फिरत पोचू नये, ही फौजेतली जपलेली शिस्त आहे. बुडालेल्या जहाजाबाबत तर बरेच दिवस कोण वाचलं, कोण नाही, हेच पक्कं नसतं. २१ तारखेला नाव लिहिणं म्हणजे कोणाच्या तरी आशेवर आपल्या हाताने रेघ मारणं झालं असतं.

आणि 'दोन-तीन महिने सुट्टीचं विचारू नका' हे युद्ध संपल्यावर का? कारण शरणागतीच्या कागदाने समुद्र मोकळा होत नाही. चितगावच्या वाटेवर सुरुंग पेरलेले होते. सुरुंगाला युद्धबंदी कळत नाही, ते काढेपर्यंत बंदर धोक्याचंच. ते काम इतकं मोठं निघालं की १९७२ पासून सोव्हिएत नौदलाने तिथे येऊन पुढे दोनेक वर्षं ते केलं. व्यापारी जहाजांवर लक्ष ठेवणं, कैद्यांची ने-आण, मोडतोड झालेल्या बंदराला उभं करणं, ताणलेल्या यंत्रांची दुरुस्ती. आपलं सैन्य बांगलादेशातून निघालं ते मार्च १९७२ मध्ये. त्यांनी सांगितलेली दोन-तीन महिन्यांची मुदत यात नेमकी बसते, त्यामुळे मला त्यात काही लपवाछपवी दिसत नाही.

जाहीर वाचनाबाबत. पत्रात एक वाक्य आहे जे तुम्ही शेवटी, जणू जाता जाता, लिहिलंत. 'आईला हे वाचून दाखवू नका, तिला वेगळं लिहिलंय.' माझ्या दृष्टीने परवानगीचा प्रश्न इथून सुरू होतो. हे पत्र मित्रांसाठीच होतं आणि घरच्यांपासून राखून ठेवलेलं होतं. आई आता नाहीत, पण पत्र लिहिणाऱ्यांची मुलं-बाळं असतील. कागद तुमच्या वडिलांना आला म्हणून कागद तुमचा. मजकुरावरचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या वारसांचा. आपल्याकडच्या कायद्याने तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि मृत्यूनंतर पहिल्यांदाच छापलं गेलं तर छापल्यापासून ६० वर्षं. तेव्हा शाळेत वाचायचं असो की दिवाळी अंकात छापायचं, आधी त्यांच्या घरी जा, पत्र दाखवा, त्यांच्याकडून लेखी होकार घ्या. कायदा बाजूला ठेवला तरी हे पत्र त्यांनी आधी वाचायला हवं. त्यांच्याकडे आईला लिहिलेलं ते 'वेगळं' पत्र असू शकतं. तुमच्या वडिलांनी पाठवलेली उत्तरंही असू शकतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर एकाच दिवशी एकाच माणसाने घराला काय सांगितलं आणि मित्रांना काय, हे दिसेल. असा जोड फार क्वचित मिळतो. मिळाला तर मला जरूर कळवा.

होकार मिळाला तर पत्र सगळं वाचा, जसं आहे तसं. अहिराणी ओळी अहिराणीतच. शुद्धलेखन सुधारू नका, वाक्यं जोडू नका. अक्षर लागत नसेल तिथे कंसात प्रश्नचिन्ह ठेवा. वाचणाऱ्याने आधी दोन मिनिटं त्या तारखेपर्यंत काय घडलं होतं आणि काय घडायचं होतं तेवढं सांगावं, मथळा साधा ठेवावा, 'एका नौदल अधिकाऱ्याचं मित्रांना पत्र, २१ डिसेंबर १९७१'. नववी-दहावीची मुलं हे समजून ऐकतात, त्यांना कराचीची फोडणी लागत नाही.

मूळ कागद घेऊन मात्र शाळेत जाऊ नका. घड्यांवर तो तुटायला लागलाय असं तुम्ही म्हणता. प्लास्टिकमध्ये पक्कं करून घ्यायचं, लॅमिनेशन, असं कोणी सुचवेल तर अजिबात करू नका. उष्णतेने आणि चिकटीने कागद कायमचा बिघडतो आणि नंतर कोणालाच सोडवता येत नाही. सेलोटेपही नको, तिचा पिवळा डाग शाई खातो. शाई दौतीच्या पेनाची दिसते, म्हणजे ओल्या बोटाचाही स्पर्श नको. स्वच्छ कोरड्या हाताने पानं एकेक उघडा, दिवसाच्या उजेडात सावलीत दोन्ही बाजूंचे फोटो काढा, लिफाफ्याचेही, आतून-बाहेरून. मग घडी न घालता, आम्लविरहित कागदाच्या दोन तावांमध्ये सपाट ठेवून खोक्यात ठेवा. पत्र्याच्या घराच्या माळ्यावर नको. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि पत्र्याखाली कागद पापडासारखा कडक होतो. खालच्या मजल्यावरचं लाकडी कपाट चालेल, भिंतीला न टेकवलेलं, म्हणजे वाळवी आणि कसर दोन्ही लवकर लक्षात येतात. डांबरगोळ्या ठेवायच्याच तर कागदाला लागणार नाहीत अशा.

तुटलेल्या घड्या जोडायचं काम स्वतः करू नका. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे. जुन्या कागदांशी रोजचा संबंध असलेली माणसं तिथे भेटतात. कागद घेऊन जाण्याआधी फोटो दाखवा आणि त्यांचं मत घ्या. १९७१ चा कागद त्यांच्याकडच्या पोथ्यांपेक्षा फार अलीकडचा, पण गिरणीचा स्वस्त कागद जुन्या हातकागदापेक्षा लवकर मरतो हे तेही तुम्हाला सांगतील.

एक गोष्ट लगेच करा, तिला थांबायला वेळ नाही. फोटोत शेवटच्या पानाच्या समासात वेगवेगळ्या अक्षरांत तीन-चार आद्याक्षरं आणि 'वाचले' असं दिसतं. पत्र चौघांत फिरलंय आणि प्रत्येकाने सही करून पुढे दिलंय. ती अक्षरं कुणाची ते ओळखणारी माणसं आता ऐंशीच्या आसपास असतील. फोटो मोठा करून छापून घ्या आणि याच आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन विचारा. कोण कोण होते, कुठे बसून वाचलं, उत्तर कोणी लिहिलं आणि ते कोणत्या पत्त्यावर पाठवलं. उत्तराच्या पत्त्यावर जहाजाचं नाव लिहिलेलं असणार, कारण बाहेरून पत्र पाठवणाऱ्याला ते लिहावंच लागायचं. कोणाला आठवत असेल, कोणाच्या डायरीत असेल. ते नाव मिळालं की पुढचं काम मी करून देईन.